तक्ता कुणासाठी?

अमेरिकी नौदलाने 1958 मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही नियोजनपद्धत आणली. सगळ्या कामांचे जाळे मांडायचे, प्रत्येक कामाला लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा असे तीन अंदाज लावायचे आणि त्यावरून तारखा काढायच्या. 20 जुलै 1960 रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाणबुडीने पाण्याखालून क्षेपणास्त्र सोडले आणि पर्टचा गाजावाजा झाला. पुढे हार्वे सापोल्स्की या अभ्यासकाने 1972 च्या पुस्तकात वेगळेच चित्र मांडले. प्रत्यक्ष तांत्रिक काम पर्टच्या भरवशावर फारसे चाललेच नव्हते. त्याचा मोठा उपयोग झाला तो वरच्यांना आणि बाहेरच्यांना दूर ठेवायला. एवढा नेटका तक्ता ज्यांच्या भिंतीवर आहे, त्यांच्या कामात लुडबुड कोण करणार?

प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरची खरेदी आजही बरीचशी याच वळणाने जाते. डेमो साहेबांसमोर होतो, डॅशबोर्ड त्यांनाच आवडतो, सहीही त्यांचीच. रोज त्यात माहिती भरणारा साइट इंजिनिअर किंवा टेस्टर त्या खोलीत नसतो. महिन्याभरात खरे काम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत येते आणि शुक्रवारी एखादा ज्युनिअर सगळ्यांना फोन करून टक्के विचारत बसतो. ‘ऐंशी टाक रे,’ असे उत्तर मिळते. पुढच्या शुक्रवारीही ऐंशीच.

वास्तविक कामाची जात पाहिली तर निवड एवढी अवघड नाही. इमारतीचा स्लॅब घ्या. सळ्या बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडण्याआधी इलेक्ट्रिशियनने पाइप टाकलेच पाहिजेत. तो दिवस चुकला की सगळे अडले. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवस काढू नयेत, असे काँक्रीटचे भारतीय मानक आयएस 456 सांगते. इथे एका कामाच्या शेपटीला दुसरे बांधलेले असते. म्हणून अशी साखळी मांडणारे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमव्हेरा शोभते.

तक्रारी सोडवणाऱ्या टीमला मात्र ती दोरी काचते. उद्या कोणती तक्रार येईल हे कुणाला ठाऊक? तिथे 2011 मध्ये आलेल्या ट्रेलोसारखा कार्डांचा बोर्ड बरा. पण या बोर्डांचे मूळ असलेल्या टोयोटाच्या कानबानमध्ये कार्ड हा लगाम होता: कार्ड आल्याशिवाय माल बनवायचा नाही. आपल्याकडे नेमका तो लगामच गळतो. ‘चालू’ रकान्यात चाळीस कार्डे लोंबकळतात आणि कुणालाच काही वाटत नाही.

त्यात भर म्हणजे यातल्या बहुतेक सेवांचे पैसे माणशी, महिन्याला मोजावे लागतात. मग खर्च आटोक्यात ठेवायला लायसन्स फक्त मॅनेजरांना दिली जातात आणि ज्यांच्या कामाचा तक्ता, त्यांनाच लॉगिन नसते.