जात्याकडे चालत येणारा देव

आमच्या गंगाखेडकडच्या बायकांच्या ओव्यांत विठ्ठल फार चालतो. रुक्मिणी रुसून दिंडीरवनात जाऊन बसली आणि तिला शोधत तो द्वारकेहून पंढरपुरी आला, ही कथा कीर्तनकारही सांगतात. पण त्यांना पुंडलिकाच्या विटेपाशी पोचायची घाई असते. जात्यावरची बाई रुसव्यापाशीच थांबते. राधेला देवाच्या मांडीवर बघून रुक्मिणीच्या जिवाला काय झालं असेल, रानात ती काय खात असेल, तिची समजूत कोण काढणार, यातच तिचं दळण सरतं.

माझी माय पहाटे ज्वारी दळायची. देवाला एवढी पायपीट कशाला, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "ज्याचं अडलं त्यानं यावं, बाई."

मला हे उत्तर साधं वाटत नाही. जो पूर्ण आहे त्याला काही कमी नाही, असं वेदान्त सांगतो. मग तो कुणाला शोधत कसा फिरेल? ओवी म्हणते, त्यालाही एक गोष्ट कमी आहे, आणि ती त्याला स्वतःची स्वतःला देता येत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. माझा यावर विश्वास आहे.

आषाढीआधी शेगावची पालखी परभणी, गंगाखेडवरून परळीकडे जाते. रस्त्याच्या कडेला पाण्याचे हंडे घेऊन उभ्या असलेल्या कितीतरी जणींनी पंढरी पाहिलेली नसते. मागे म्हैस, लेकरं, खुरपणी. जनाबाई तर इथलीच. लहानपणी ती दामाशेटींच्या घरी पंढरपूरला गेली, पण देवाच्या गावात राहूनही तिची कामं सुटली नाहीत. मग देव आला आणि तिच्या जात्याला त्यानं हात लावला, असं आपली परंपरा मानते. जातं म्हणजे संसार आणि दाणा म्हणजे जीव, असा अर्थ प्रवचनात सांगतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्या अर्थात जनाबाईच्या हाताचे घट्टे कुठेच राहत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यांचे मोठे उपकार आहेत. त्यांनी गाणारीलाच तिच्या ओवीचा अर्थ विचारला.

दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठकडची बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. त्या बायाही मैलोगणती चालतात. पण पोटासाठीच्या त्या भटकंतीला भक्ती म्हणायला माझी जीभ वळत नाही, कुणी म्हटलं तर राग येतो. ओवीच्या न्यायानं त्यांच्या कोपीपर्यंत चालत जाणं देवाकडे लागतं. आणि माझी माय तिथं असती नि तो पोचला असता, तर तिनं त्याला आधी मोळी उचलायला लावली असती.