दाखला आणि विवेक

आपल्या व्यवहारात कागदाला मोठा मान आहे. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, सातबाराचा उतारा. कागद हाती आला की मन निश्चिंत होते. परंतु दुसऱ्याने साक्ष दिली म्हणून आपली जबाबदारी संपते काय? हा प्रश्न जुन्या मोटारसायकलीच्या उदाहरणाने तपासून पाहण्याजोगा आहे. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत अशी एखादी गाडी आहे, आणि पावसाळा आला की वसईचे तरुण तिच्यावर स्वार होऊन मनोर, विक्रमगडमार्गे जव्हार-मोखाड्याची वाट धरतात. दाभोशाचा धबधबा, सूर्यमाळचा माथा त्यांना खुणावत असतो. मागच्या सीटवर बहुधा कुणीतरी विश्वासाने बसलेले असते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. रिक्षा, टेंपो यांना ठरावीक काळाने पासिंगला जावे लागते. घरच्या गाडीला या १५ वर्षांत तसे बंधन नाही. पीयूसीचा कागद लागतो खरा, पण ती तपासणी धुरातील वायूंची. ब्रेकविषयी तो कागद मुका असतो. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते आणि ती योग्य ठरली की पुढील ५ वर्षांची निश्चिंती मिळते. ५ वर्षे म्हणजे ५ पावसाळे.

आता तीच गाडी घाटात पाहू. जुन्या बुलेटला पुढे-मागे ड्रम ब्रेक असतात. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे जाताना तोरंगण घाट लागतो. घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतो, लायनरची पकड सुटत जाते. रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी ड्रममध्ये शिरले तरी तीच गत. ब्रेकच्या केबलची एकेक तार आतून तुटत असते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. टायरची नक्षी खोल असली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या कडेवरील चार आकडे त्याचे वय सांगतात: २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. सपाट आवारात, कोरड्या दिवशी, काही मिनिटांत होणाऱ्या तपासणीत यातले कितीसे दिसणार?

यात निरीक्षकाचा दोष गृहीत धरण्याचे कारण नाही. अत्यंत प्रामाणिक निरीक्षकही एका दिवसाची, एका प्रसंगाची साक्ष देतो. त्याला गाडी काही मिनिटे भेटते. मालकाला ती रोज भेटते. वळणावर हँडल किंचित ओढते, सकाळी ब्रेक नीट लागतो आणि संध्याकाळी सैल पडतो, हे मालकाच्या हाताला ठाऊक असते. म्हणून मला वाटते, जिथे ज्ञान अधिक, तिथे जबाबदारीही अधिक. दाखला ही जबाबदारी वाटून घेतो, उचलून नेत नाही. आणि पासिंगपुरते दुसऱ्याचे चांगले टायर चढवून जो कागद मिळवतो, त्याने तर साक्षीदारालाच फसवलेले असते.

जुन्या कराराने हे तत्त्व शेतकऱ्याच्या भाषेत सांगितले आहे. निर्गमच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा दाखला येतो. बैलाने एकाएकी कुणाला मारले तर मालक निर्दोष. पण बैल मारका आहे अशी सूचना मिळूनही मालकाने त्याला आवरले नसेल, तर रक्ताचा दोष मालकावरही येतो. अनुवादच्या २२ व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा घालण्याची आज्ञा आहे. कुणी पडेपर्यंत थांबायचे नाही. विशेष म्हणजे आपला मोटार वाहन कायदाही कलम १९० मध्ये हीच रीत धरतो. चालकाला ठाऊक असलेला दोष तर तो मोजतोच. साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता, तोही मोजतो. तेव्हा ‘मला कळलेच नाही’ हे उत्तर नेहमी पुरत नाही. जे अज्ञान दूर करता येण्याजोगे होते, ते संत थॉमस अक्वायनसही निर्दोष मानत नाही.

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने एका निबंधात जहाजमालकाचे उदाहरण दिले. जहाज जुने, शंका मनात आलेली. पण इतक्या सफरी सुखरूप झाल्या, देव सांभाळील, असे म्हणत त्याने शंका दडपल्या आणि स्थलांतरितांनी भरलेले जहाज पाठवले. ते बुडाले. क्लिफर्ड पुढे म्हणतो की ते बुडाले नसते तरी मालक तेवढाच दोषी ठरला असता. क्लिफर्डने हा मुद्दा धर्मश्रद्धेविरुद्धही वापरला, म्हणून आपण त्याच्याकडे पाठ फिरवू नये. गाडीवर पवित्र जल शिंपडून घेणे, टाकीवर संत ख्रिस्तोफरचे चित्र लावणे ही आपली सुंदर प्रथा आहे. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह प्रभू येशूने नाकारला, तो देवाची परीक्षा पाहू नये म्हणूनच. झिजलेल्या लायनरवर आशीर्वाद मागणे त्या उडीपासून फार दूर नाही.

कुणी म्हणेल, आपण काही मिस्त्री नव्हे. आणि मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरील गरिबाने जुनी गाडी वापरायचीच नाही काय? आक्षेप रास्त आहे. विवेक अशक्य गोष्ट मागत नाही. लायनर पाहून घेणे, केबल बदलणे, चाकाच्या आऱ्या ठोकून त्यांचा आवाज ऐकणे, घाट खालच्या गिअरवर उतरणे, एवढे श्रीमंती नसतानाही जमते. शिवाय त्याची गाडी गरजेची असते, आपली बहुधा हौसेची. हौसेला सबबी कमी असाव्यात. वसईतली जुनी गाडी आदिवासी पट्ट्यात विकताना तर ही कसोटी अधिक कडक होते. ‘कागद चोख आहेत’ हे वाक्य खरे असूनही, माहीत असलेला दोष लपवला तर ती खोटी साक्ष ठरते.

त्या रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेतलेली बाई चालते, शाळेतून परतणारी आश्रमशाळेची मुले चालतात. आपल्या सहलीचा धोका त्यांनी पत्करलेला नाही. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, पण गंभीर जखमीला पुष्कळदा नाशिकची वाट धरावी लागते. १९९२ साली जाहीर झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ नशेत किंवा वेगाच्या हौसेने रस्त्यावर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला गंभीर दोष देतो, आणि तेही ‘खून करू नको’ या आज्ञेखाली. ठाऊक असलेल्या नादुरुस्तीकडे डोळेझाक करणाराही त्याच आज्ञेपुढे उभा आहे, असे मला वाटते.

रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची तपासणी करण्याची सवय लोयोलाच्या संत इग्नेशियसने आपल्याला लावली. त्या तपासणीत कुणी दाखला देत नाही आणि तिची मुदत ५ वर्षांची नसते. गाडीची किल्ली मुलाच्या हाती देण्यापूर्वी आईवडिलांनी ‘कागद आहेत ना?’ एवढेच विचारू नये. ‘तुला या गाडीविषयी काय ठाऊक आहे?’ असेही विचारावे.