दुर्मिळाचा लोभ

मनुष्याच्या सर्व छंदांत बागकामाचा छंद निष्पाप समजला जातो. शिकाऱ्याच्या हातून हिंसा घडते, जुगाऱ्याच्या हातून घर बुडतें, पुस्तकें जमविणाराही मित्राचें पुस्तक परत करावयास सोयीस्करपणें विसरतो. परंतु हातांत झारी घेऊन सकाळच्या उन्हांत कुंड्यांपुढें उभा असलेला गृहस्थ कोणाचें काय वाईट करणार, असें आपण धरून चालतों. मीही पुष्कळ वर्षें तसेंच धरून चाललों होतों. त्या समजुतीला एकदां जो तडा गेला, त्याविषयीं चार शब्द लिहावेत असें बरेच दिवस मनांत होतें. गोष्ट लहान आहे. पण तिच्या पोटांतला प्रश्न लहान आहे असें मला वाटत नाहीं.

माझा ओढा पहिल्यापासून रुक्ष प्रदेशांतील वनस्पतींकडे आहे. गुलाब-शेवंतीचें कौतुक करणारीं माणसें पुष्कळ. निवडुंग, शेर, कोरफड, माकडशिंगी यांच्यापुढें ज्यांचें पाऊल थबकतें अशीं थोडीं. पुण्याच्या उन्हाळ्यांत उघड्या गच्चीवर दुसरें फारसें कांहीं टिकत नाहीं, या सोयीनें आरंभ झाला, आणि सोयीचें पुढें प्रेमांत रूपांतर झालें. या वनस्पतींचा संसार मोठा काटकसरीचा असतो. इतर झाडें दिवसा पानांचीं छिद्रें उघडून हवेंतील कर्बवायू घेतात आणि त्या व्यवहारांत पुष्कळसें पाणी वाफेच्या रूपानें गमावतात. निवडुंगासारख्या वनस्पती हीं दारें दिवसा बंद ठेवतात. रात्रीं हवा गार झाली म्हणजे तीं उघडतात, आंत घेतलेला वायू आम्लाच्या रूपानें सांठवितात, आणि दुसऱ्या दिवशीं बंद दाराआड सूर्यप्रकाशाच्या साह्यानें त्या सांठ्याचें अन्न करितात. अशीं झाडें नवशिक्याच्या हातून मरतात तीं बहुधा हेळसांडीनें नव्हे, तर अति पाण्यानें. कुंडी कोरडी दिसली कीं त्याला राहवत नाहीं. तो पाणी घालतो आणि मुळें कुजतात. ज्याला आपण माया म्हणतों ती पुष्कळदां आपल्याच मनाची अस्वस्थता असते, हा पहिला धडा मला या कुंड्यांनीं दिला. दुसरा धडा मात्र एका कड्यावर मिळाला.

सह्याद्रींतील कांहीं गडांच्या कड्यांवर ‘शिंदळ माकुडी’ नांवाची एक वनस्पति उगवते. महाराष्ट्राबाहेर ती जगांत कोठेंही रानांत आढळत नाहीं. १८६० नंतरच्या दशकांत डाल्झेल नांवाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानें जुन्नरकडील खडकांवरच्या या झाडाचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असें नांव दिलें. तिच्या जवळच्या आप्तांपैकीं बहुतेक बिनपानांच्या. ही मात्र पावसाळ्यांत हिरवीं मांसल पानें धरते, आणि कोरडे दिवस आले कीं तीं टाकून नुसत्या जाड दांड्यांवर पुढच्या पावसापर्यंत काळ कंठते. फूल पांच टोकांच्या चांदणीसारखें, गर्द तांबूस, मखमली. तें पाहिल्यावर मन हरखून जातें, हें मी स्वानुभवानें सांगतों.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका भाद्रपदांत मी तें प्रथम पाहिलें. त्या गडाचें नांव येथें देत नाहीं. कां, तें पुढें कळेल. वाट दाखवावयास पायथ्याच्या वाडीतले एक वृद्ध गुराखी बरोबर होते. धुकें विरळ झालें आणि एका अरुंद कपारींत दहा-बारा दांड्यांचा पुंजका दिसला. त्यांतल्या तीन दांड्यांवर फुलें होतीं. मी कांहीं वेळ नुसता पाहत राहिलों. पण पाहून भागलें नाहीं. पिशवींतून चाकू काढला तेव्हां म्हातारबुवा म्हणाले, “नेताय तर न्या साहेब, पर मूळ नका काढू. तिला तिथं राहू द्या.” मीं बोटभर लांबीची एकच दांडी कापली आणि मूळ राखलें, याचा मला अभिमानही वाटला. दांडी दोन दिवस सावलींत सुकविली, रेताड मातींत लावली, आणि तिनें आनंदानें मूळ धरलें.

दोन पावसाळे गेल्यावर कुंडी भरून आली. नवरात्राच्या सुमारास शहरांत हौशी मंडळींचें एक लहानसें प्रदर्शन भरत असे. तेथें मीं ती मांडली. अशा प्रदर्शनांची ज्यांना माहिती आहे त्यांना तेथलें वातावरण सांगावयास नको. पांढऱ्या कापडानें झांकलेलीं टेबलें, सुवाच्य अक्षरांतल्या चिठ्ठ्या, परीक्षक पुढें गेले कीं मागून होणारी कुजबुज, आणि चहाच्या पेल्याबरोबर चाललेली कलमांची देवघेव. माझ्या कुंडीला पहिल्या क्रमांकाचें कार्ड मिळालें आणि भोंवतीं गर्दी जमली. “कोठें मिळाली?” हा एकच प्रश्न सर्वांच्या तोंडीं. मी सांगत गेलों. कोणता गड, कोणत्या दरवाजानें चढावें, टाक्यापासून कोणत्या अंगाला वळावें, कपार किती पावलांवर. एका गृहस्थांनीं तर वहींत नकाशा काढून घेतला. मला तो माझाच सन्मान वाटला.

पुढच्या भाद्रपदांत पुन्हां गडावर गेलों. कपार रिकामी होती. वणव्यानें जळलेली नव्हे, दरड कोसळून बुजलेली नव्हे. कसल्याशा हत्यारानें खरवडून स्वच्छ केलेली. खडकाच्या फटींत माती उकरल्याच्या खुणा होत्या. म्हातारबुवा या वेळीं वाडींतच भेटले. त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. “तुमच्यामागं तिघं-चौघं येऊन गेले साहेब,” ते म्हणाले, “पुण्याच्या साहेबांनी जागा सांगितली, असं म्हणत होते.”

त्याच नवरात्रांत त्याच प्रदर्शनांत दुसऱ्या एका टेबलावर माकुडीची एक कुंडी होती. माझ्याहून मोठी, भरगच्च, नऊ फुलांची. ती त्याच कपारींतली होती असें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. परंतु ती दिसतांच माझ्या मनांत जी पहिली भावना उठली ती मला शपथेवर सांगतां येईल. ती त्या उजाड कपारीच्या दुःखाची नव्हती. ती मत्सराची होती. दुःख मागाहून आलें.

घरीं आल्यावर मनाचें वकीलपत्र मनानेंच घेतलें. पहिला युक्तिवाद असा, कीं मीं एकच दांडी घेतली. बाकीच्या ज्यांनीं नेल्या त्यांचें पाप त्यांच्या माथीं. हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण दक्षिण आफ्रिकेंतील नामाक्वालँड या रुक्ष मुलखांत काय घडलें तें पाहावें. तेथें कोनोफायटम नांवाच्या बोराएवढ्या वनस्पती गारगोट्यांत लपून वाढतात. त्यांतल्या कित्येक जाती एखाद्या टेकडीपुरत्याच आहेत. २०१९ नंतर त्यांची चोरी इतकी वाढली, कीं पकडलेल्या मालांत हजारोंनीं रोपें सांपडूं लागलीं. तीं विकत घेणारे कोणी दरोडेखोर नव्हेत. दूरदेशीं आपल्या खिडकींत कुंडी मांडणारे, सभ्य, सुशिक्षित, झाडांवर प्रेम करणारे लोक आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला हवें असतें तें एकच रोप.

दुसरा युक्तिवाद कायद्याचा. १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें झालेल्या करारानें निवडुंगाचें जवळजवळ सबंध कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या देखरेखीखालीं आणलें, आणि १९७६ पासून भारतही त्या करारांत आहे. असे निर्बंध हवेतच. परंतु करार सरहद्दीवर पहारा करितो. प्रदर्शनाच्या टेबलाशीं उभ्या असलेल्या मनुष्याच्या जिभेवर पहारा कोण करणार? माझ्या चाकूपेक्षां माझ्या जिभेनें अधिक नासधूस केली, आणि जिभेचा तो अपराध कोणत्याही कलमांत बसत नाहीं.

तिसरा युक्तिवाद सर्वांत बळकट आहे, म्हणून त्याला योग्य तो मान दिला पाहिजे. तो असा, कीं रानांतून उचलून नेल्यामुळेंच कित्येक वनस्पती वांचल्या. झुलूलँडमधील न्गोये अरण्यांत १८९५ सालीं जॉन मेडली वुड यांना सायकसच्या वर्गांतील एका झाडाचा एकुलता एक पुंजका आढळला. या वर्गांत नरझाड आणि मादीझाड निराळें असतें. हें झाड नर होतें. त्याचे फुटवे उद्यानांत नेण्यांत आले, १८९९ सालीं एक लंडनच्या क्यू उद्यानांत पोंचला, आणि रानांतलें शेवटचें खोड १९१६ सालीं हलविलें गेलें. त्या जातीची मादी आजवर कोणालाही सांपडलेली नाहीं. जगांतल्या उद्यानांत आज जीं झाडें आहेत तीं सर्व त्या एकाचींच अंगें. क्यू येथील झाडाला २००४ सालीं प्रथम शंकू आला. पण त्याचा पराग स्वीकारणारें कोणी नाहीं. तें झाड वांचलें हें खरें, आणि ज्यांनीं तें जपलें त्यांचे आभारच मानले पाहिजेत. मात्र वांचलें तें एक झाड. वंश वांचला असें म्हणवत नाहीं. कुंडी जीव राखूं शकते. पण ज्या वाऱ्यानें, किड्यानें, उतारानें तो जीव घडविला आणि पुढें चालविला असता, तें सारें कुंडींत मावत नाहीं. शिवाय माझ्या कपारीला तर हा बचाव लागूच पडत नाहीं. ती मरणपंथाला लागलेली नव्हती. मीं तिचा पत्ता सांगेपर्यंत ती सुखरूप होती.

या सर्व उलटतपासणींतून मला एक भेद कळला, आणि तो मला केवळ बागेपुरता वाटत नाहीं. एखाद्या वस्तूची आवड निराळी आणि तिच्या दुर्मिळपणाची आवड निराळी. बाहेरून दोहींचें रूप एकच दिसतें. दोहोंतही मनुष्य तासन् तास कुंडीजवळ बसतो, दोहोंतही तो तिच्यासाठीं पायपीट करितो. भेद कळावयाचा असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ही वस्तु उद्यां घरोघरीं झाली तर मला आनंद होईल काय? ज्याला वस्तु आवडते तो होय म्हणेल. ज्याला दुर्मिळपण आवडतें त्याचा चेहरा उतरेल. कारण त्याला हवें होतें तें फूल नव्हे, इतरांजवळ तें नसणें हवें होतें. नऊ फुलांची ती कुंडी पाहून माझा चेहरा उतरला होता. पहिल्या क्रमांकाचें कार्ड मला कशासाठीं मिळालें होतें, तें त्या क्षणीं मला समजलें.

मग करावें काय? वाढलेलीं रोपें परत कपारींत लावावीत असें प्रथम मनांत आलें. एका जाणत्या अभ्यासकांना विचारलें, तर त्यांनीं मला थांबविलें. कुंडींतून कड्यावर रोप जातें तेव्हां कुंडींतली कीड आणि रोगही बरोबर जातो. हें काम वनस्पति-अभ्यासक पद्धतशीरपणें करीत असतात, हौशी माणसानें पश्चात्तापाच्या भरांत तें करूं नये. म्हणजे झालेलें मोडतां येत नाहीं, हेंही पत्करावें लागलें. उरलें तें एवढेंच: माकुडीला दुर्मिळ राहूं द्यावयाचें नाहीं. दर पावसाळ्याच्या आरंभीं मी तिच्या दांड्या कापतों, सुकवितों आणि मागेल त्याला देतों. ज्यानें मागितली नाहीं त्यालाही देतों. जी वस्तु शेजाऱ्याच्या गच्चीवर फुकट मिळते तिच्यासाठीं कोणी कडा उतरत नाहीं. प्रदर्शनांत मी अजूनही जातों. परंतु ती कुंडी आतां स्पर्धेच्या टेबलावर नसते, कलमें वांटण्याच्या टेबलावर असते.

आणि पत्ता मात्र मी कोणाला सांगत नाहीं. यावर कोणी म्हणेल, कीं ज्ञान लपविणें हाही लोभच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. अभ्यासासाठीं ज्याला जागा हवी त्याला ती कळली पाहिजे. आणि ज्यांच्या गांवची ती कपार आहे त्यांच्यापासून ती लपविणें हा तर उद्धटपणा होईल. तिची ओळख मला करून दिली ती त्यांनींच. माझें मौन त्यांच्यासाठीं नाहीं. तें माझ्यासारख्यांसाठीं आहे, ज्यांना नुसतें पाहून भागत नाहीं.

ते वृद्ध गुराखी आतां हयात नाहींत. गेल्या श्रावणांत शेजारचा एक तरुण दांडी न्यावयास आला होता. कागदांत गुंडाळून ती त्याच्या हातीं दिली आणि पाणी बेताचें घालावयास सांगितलें. जातां जातां त्यानें विचारलें, “काका, ही मूळची कुठली?” मीं म्हटलें, “आपल्या सह्याद्रींतली.” “पण नक्की कोणत्या गडावरची?” मीं कुंडींतली पिकलीं पानें खुडावयास सुरुवात केली. तो जरा वेळ थांबला, आणि मग जिना उतरून गेला.