कावळ्याचं वकीलपत्र

फाल्गुन उतरला की आमच्या इमारतीमागच्या आंब्यावर पहाटे साडेचारला कोकिळा सुरू होते. आमची ही कुशीवर वळून म्हणते, "किती गोड!" पहाटे साडेचारला गोड वाटणारी माणसं जगात असतात यावर माझा तोवर विश्वास नव्हता.

एकदा चहाच्या वेळी मी तिला माहिती पुरवली. ओरडतो तो कोकीळ, म्हणजे नर. काळा कुळकुळीत, डोळे लालभडक. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिला 'किक् किक्'च्या पलीकडे गाणं येत नाही. हिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे बडबड पुरुषाची आणि काम बाईचं, असंच ना?" "तसंही नाही," मी म्हणालो, "काम कावळ्याचं." तेव्हापासून मला कावळ्याबद्दल आपुलकी वाटू लागली. घरात त्याची आणि माझी पायरी साधारण एकच आहे.

वैशाखात त्या आंब्यावर कावळ्यांनी घर बांधायला काढलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेचकं सरळ दिसतं. काटक्या, तारेचे तुकडे, आमच्या केरसुणीचे हीर असं मिळेल ते सामान. ना आर्किटेक्ट, ना सोसायटीची मीटिंग, पंधरवड्यात वास्तुशांत. तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. ते रोज वर बघून विचारत, "मध्यावर आहे का शेंड्यावर?" घरटं मध्यावर असलं तर पाऊस चांगला, शेंड्यावर असलं तर ओढ, असा त्यांचा हिशेब. शिवाय पंचांगात यंदा मृगाचं वाहन बेडूक आहे की गाढव, तेही ते पाहून ठेवतात. घरटं आणि वाहन यांचं एकमत झालं नाही तर रेडिओवर विसंबतात.

आणि एके दुपारी माझ्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला. कोकीळ घरट्याजवळ येऊन मुद्दाम आरडाओरडा करू लागला. दोन्ही कावळे त्याच्या मागे लागले. तेवढ्यात ती ठिपकेवाली पानांतून आली, घरट्यात बसली आणि गेली. चहाला उकळी फुटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आता साक्षीदार मी एकटा. बरं, नुसता साक्षीदार नव्हे; घरात आंबे काढायचा झेला होता आणि खिडकीतून तो घरट्यापर्यंत पोचत होता. म्हणजे माहितीही होती आणि हत्यारही. माणसाजवळ यातलं एकच असलं की तो सुखी असतो. दोन्ही आली की सद्सद्विवेकबुद्धी नावाचं लचांड मागे लागतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "काढून टाका ते अंडं. कॉपी ती कॉपी."

ही म्हणाली, "अंड्याचा काय गुन्हा?"

मी पुस्तकं काढली. सलीम अलींचं १९४१ सालचं पुस्तक घरात आहेच. कोकिळेचं अंडं बारा-चौदा दिवसांत फुटतं आणि कावळ्याचं सोळा-सतरा, म्हणजे पाहुणा यजमानाआधी पंगतीला बसतो. विलायतेतल्या कुकूचं पिल्लू तर यजमानाची अंडी पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं. देवीची लस काढणाऱ्या एडवर्ड जेन्नरनं ते १७८८ साली लिहून ठेवलं आहे. आपल्या कोकिळेचं पिल्लू सहसा तेवढं करत नाही. ते कावळ्याच्या पोरांबरोबर वाढतं, फक्त घास आधी मागतं. म्हणजे हा खून नव्हे, फार तर रेशनकार्डात घुसडलेलं नाव. एवढ्यासाठी झेला काढावा का?

शेवटी मी काहीच केलं नाही, आणि त्याला 'निसर्गात ढवळाढवळ करू नये' असं नाव दिलं. आळसाला तत्त्वज्ञानाचं नाव मिळालं की झोप चांगली लागते. पण दोन दिवसांनी आंब्यावर मांजर चढू लागलं, आणि मी खिडकीतून चप्पल फेकली. ही म्हणाली, "मांजर निसर्गात येत नाही वाटतं?" चप्पल आणायला खाली जाताना मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. आपला तटस्थपणा बहुधा आपल्याला ज्याचा राग येत नाही तेवढ्यापुरता असतो.

ही फसवणूक फार जुनी आहे. संस्कृतात कोकिळेला 'परभृता' म्हणतात, म्हणजे दुसऱ्यानं पोसलेली. कालिदासाचा दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला खोटी ठरवताना याच कोकिळेचा दाखला देतो. बायका कशा कावेबाज असतात बघा, म्हणून. गंमत अशी की ती शकुंतला स्वतःच टाकलेलं मूल. मेनका सोडून गेली, पाखरांनी राखलं, कण्वांनी वाढवलं. महाभारतात तिच्या नावाची कथाच ती आहे, शकुंतांनी सांभाळली ती शकुंतला. कण्वांना कुणी फसलेला कावळा म्हटल्याचं मात्र ऐकिवात नाही.

मृग बरसला. घरटं मध्यावरच होतं, त्यामुळे मुख्याध्यापक आठ दिवस स्वतःच पाऊस पाडल्यासारखे हिंडत होते. आषाढात पोरं पंख फडफडवू लागली आणि एका सकाळी आमचा आरोपी धपकन खाली पडला. पाऊस, चिखल आणि कोपऱ्यात तेच मांजर. मी छत्री घेऊन धावलो. पिल्लू उचललं, तोच डोक्यावर फाडकन चोच बसली. मग दुसरी. माझे अशीलच माझ्यावर तुटून पडले होते! ज्यांच्या बाजूनं दोन महिने मी मनात कोर्ट चालवलं, ते त्या लबाडाच्या पोरासाठी माझं उरलंसुरलं टक्कल फोडत होते. मी पिल्लू खालच्या फांदीवर ठेवलं आणि पळालो. पाच मिनिटांत कावळी आली आणि त्याच्या लालभडक घशात तिनं घास कोंबला.

ही टकलावर हळद लावत होती, तेव्हा मला आत्याची आठवण झाली.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. आत्यानं मला नेलं. तिचा स्वतःचा एक मुलगा होता, माझा दादा. येणारी-जाणारी तिला सांगायची, "दुसऱ्याचं पोर ते. पंख फुटले की उडून जाईल." आत्या म्हणायची, "पंख फुटतात ते उडायलाच." आणि मी उडालो. आधी दर महिन्याला पत्र, मग दिवाळीला, मग लग्नपत्रिकेपुरतं. ती गेल्यावर दादाकडेही जाणं सुटलं. भांडण नव्हतं, नुसतं राहून गेलं. माझ्या आयुष्यात जे काही अक्षम्य आहे ते सगळं 'राहून गेलं' या सदरात मोडतं.

कावळ्याला आत्या करून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. पण ते खरं नव्हे. कावळीला आपण कुणाला भरवतो हे ठाऊक नसतं, ती फसते. आत्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तिला फसलेली म्हणता येत नाही. आणि कोकिळेच्या पोराला आपण कुणाचं खाल्लं हे कळत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बाकी निघत नाही. मला कळतं. खटला चालवायचाच तर झाडावर चढायची गरज नव्हती. आरोपी खिडकीच्या अलीकडेच बसला होता.

भाद्रपदात आत्याच्या तिथीला गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, तिला आवडणारं अळूचं फतफतं. कावळे कठड्यावर, पण शिवेनात. मुख्याध्यापक म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. कबूल करा." ही माझ्याकडे बघत राहिली. मी हात जोडून पुटपुटलो, "दादाला फोन करतो."

एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. कबुलीमुळे, की आम्ही दोन पावलं मागे सरलो म्हणून, ते मी सांगू शकत नाही. जाताना त्यानं माझ्या टकलाकडे पाहिलं एवढं नक्की.

खाली येऊन फोन लावला. नऊ वर्षांनी. "कोण?" पलीकडून आवाज आला. मी नाव सांगितलं. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग दादानं आत्याच्याच सुरात विचारलं, "जेवलास का?"