अकरा महिन्यांची ऑर्डर

उन्हाळा लागला की अनेक खासगी विद्यापीठांतली प्राध्यापक मंडळी फोनला चिकटतात. हातात बारावीच्या मुलांची यादी आणि डोक्यावर ॲडमिशनचं टार्गेट. तो आकडा अप्रेझलमध्ये धरला जातो आणि अप्रेझलवर पुढच्या नेमणुकीची ऑर्डर ठरते, तीही बहुधा अकरा महिन्यांची. मग त्याच माणसाला एचआर विचारतो, यंदा शोधनिबंध किती? बायोमेट्रिकवर उशिराचं मिनिटन् मिनिट नोंदलं जातं. वर्गात काय घडलं ते मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही, हे आपलं नशीब.

नियम नाहीत असं नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीनुसार कंत्राटी शिक्षक एकूण जागांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावेत आणि त्यांचा पगार कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावा. सहायक प्राध्यापकावर शिकवण्याचा भार आठवड्याला 16 तास; बाकीचा वेळ वाचनाला, संशोधनाला, मुलांना.

पगाराचा विषय काढला की संस्थाचालक त्यागावर बोलू लागतात. दाखला ठरलेला: डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा 75 रुपयांवर वीस वर्षं सेवा करण्याची गोखल्यांची प्रतिज्ञा. दाखला खरा आहे, पण अर्धा. अशी प्रतिज्ञा घेणारे सोसायटीचे आजीव सदस्य नोकर नव्हते. संस्था तेच चालवत. पगार किती असावा, बाहेरची कमाई चालेल का, यावर त्यांच्यात कडाक्याची भांडणं झाली. त्यांच्यातलेच टिळक 1890 मध्ये सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे हाच वाद होता. कमी पगार घेणारेच तो ठरवत होते. आज ठरवणारा एक आणि सोसणारा दुसरा. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या त्यागाला मी त्याग म्हणणार नाही.

यात नुकसान फक्त शिक्षकाचं नाही. पहिल्या वर्षी इंग्रजीला घाबरून मागच्या बाकावर बसणारा मुलगा कुठे अडतो, हे कळायलाच शिक्षकाला एक सत्र लागतं. ते कळेपर्यंत ऑर्डर संपते. नवा शिक्षक येतो आणि ओळखीपासून पुन्हा सुरुवात. निकाल घसरला की मात्र एचआर शिक्षकांसाठी 'मोटिव्हेशन'चं शिबिर भरवतो!

प्रवेशासाठी जाणाऱ्या पालकांना एक विनंती. प्लेसमेंटचं पॅकेज विचारताच; त्याच टेबलावर हेही विचारा, की या विभागात पाच वर्षांहून अधिक काळ टिकलेले शिक्षक किती आहेत. उत्तर लेखी मागा.