किती हलू द्यायचं?

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस. ताडदेवच्या आरटीओत तिची नोंद २९ ऑक्टोबर २००३ ची होती, आणि टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची. टॅक्सी गेल्या, पण हौशी लोकांच्या दारात, ताडपत्रीखाली जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. अशी गाडी बाळगणाऱ्याला एक दिवस मिस्त्री खड्ड्यातून वर बघत सांगतो, ‘‘साहेब, गिअरबॉक्सचं फाउंडेशन गेलंय.’’

फाउंडेशन हा गॅरेजचा शब्द, पुस्तकात माउंटिंग. वस्तू साधी आहे. दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये रबराचा ठोकळा. इंजिन आणि गिअरबॉक्स हे एकच जोडधूड. बहुतेक जुन्या गाड्यांत ते पुढे दोन ठिकाणी आणि मागे गिअरबॉक्सच्या शेपटाखाली एका ठिकाणी टेकलेलं असतं. या मागच्या रबराच्या नशिबी तेलही येतं. ऑइल सील जुनं झालं की थेंब ठिबकतात आणि रबर फुगतं, पिठूळ होतं, शेवटी लोखंडापासून सुटतं.

नवं मिळालं तर प्रश्न मिटला. पण ‘नवं’ म्हणून हातात येतं ते कधीकधी वर्षानुवर्षं गोदामात पडून लाकूड झालेलं असतं. कुणी मूळ गिअरबॉक्स काढून दुसऱ्या गाडीचा पाच गिअरवाला बसवत असेल, तर त्या जोडीचं माउंटिंग कुठल्याच कारखान्यानं कधी केलेलं नसतं. मग ठरतं, आपणच बनवू.

पहिला प्रयत्न बहुधा एकाच वळणानं जातो. जाड पट्टी, चांगला अँगल, भरभक्कम वेल्डिंग. बनवणारा अभिमानानं म्हणतो, हत्ती बांधा याला. गाडी सुरू होते आणि आरशातलं चित्र थरथरायला लागतं, डॅशबोर्ड गुणगुणतो, गिअरचा दांडा हाताला मुंग्या आणतो. काहीही तुटलेलं नसतं. उलट सगळं फारच घट्ट धरलेलं असतं.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर इंजिन नुसतं घुटमळत असलं तरी सेकंदाला २५ धक्के. हे धक्के गाडीच्या अंगापर्यंत पोचू नयेत असं वाटत असेल, तर रबरावर टेकलेल्या धुडाची स्वतःची डोलण्याची गती त्याहून बरीच संथ हवी. हिशेबानं सेकंदाला सतराच्या खाली. ती पंचविसाच्या जवळ गेली तर रबर धक्के शोषण्याऐवजी वाढवतं. उलट बाजूनंही ओढ आहेच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा पीळ तीन-चार पटींनी वाढून मागच्या शाफ्टला मिळतो, आणि तितक्याच जोरानं सगळं धूड उलटं फिरू पाहतं. म्हणजे मऊ हवं आणि धरूनही ठेवायला हवं. ही तडजोड कुणीतरी कागदावर बसून केलेली होती. ती त्या स्वस्त ठोकळ्यात मुरलेली होती आणि ठोकळा फाटेपर्यंत कुणाला दिसली नव्हती.

अमेरिकेत क्रायस्लरनं १९३१ मध्ये प्लिमथ गाडीत ही तडजोड उघड विकायला काढली. ‘फ्लोटिंग पॉवर’ असं तिचं नाव. पुढचा टेकू उंचावर, मागचा गिअरबॉक्सखाली बुटका. दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा धुडाच्या गुरुत्वमध्यातून जाते आणि इंजिन त्या रेषेभोवती रबरावर डुलतं. फ्रान्सच्या सिट्रोएननं हा हक्क विकत घेतला आणि आपल्या गाड्यांवर पोहणारा हंस लावला. रबराच्या दोन तुकड्यांसाठी हंस! पण त्यात अतिशयोक्ती नव्हती.

घरगुती कारागिराला रबराचा एक स्वभाव मात्र कुणी सांगत नाही. रबर दाबलं की आकसत नाही, बाजूला फुगतं. फुगायला जागा ठेवली नाही, चारही बाजूंनी लोखंडी डबीत कोंबलं, तर ते जवळजवळ दगडासारखं वागतं. शिवाय दाबापेक्षा सरकण्यात ते कितीतरी मऊ असतं; म्हणून तर काही माउंटिंगं तिरकी बसवलेली दिसतात. जुन्या टायरचा तुकडा कापून घालणारे फसतात ते त्यातल्या दोऱ्या-तारांच्या थरांमुळे. शहाणा मिस्त्री रबर करायच्या भानगडीत पडत नाही. रबर लोखंडावर पक्कं बसवायला साचा आणि उष्णता लागते, ती गॅरेजात नसते. तो जवळपास तेवढ्याच वजनाच्या गाडीचं तयार माउंटिंग आणतो आणि भोवतीचं लोखंड तेवढं स्वतः घडवतो.

‘जुगाड’ म्हणून याची टिंगल करणारे आणि त्याच शब्दानं आरती ओवाळणारे, दोघेही त्या वेल्डिंगकडेच बघत राहतात. निर्णय मात्र रबराच्या निवडीत झालेला असतो, आणि तो चुकायला माणूस अडाणीच असावा लागतो असंही नाही. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेवरलेट गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इंजिनाचं माउंटिंग फाटलं की जोर देताना इंजिन एका बाजूनं उचललं जाई आणि थ्रॉटल खेचला जाई. गाडी आपणहून धावत सुटे. एवढ्या मोठ्या कारखान्यानं उपाय काय काढला? इंजिन फार वर उठू नये म्हणून अडकवायची एक तार. आपल्याकडच्या कुठल्याही मिस्त्रीनं तेच केलं असतं.

हा धडा घरगुती ब्रॅकेटलाही लागू पडतो. रबर उद्या फाटलंच तर धूड कुठे जाईल, हे आधी बघायचं आणि तिथे लोखंडाचा एक अडसर ठेवायचा. एरवी कशालाही न शिवणारा.

बाकीचं काम चिकाटीचं. गिअरबॉक्स जॅकवर पेलायचा, मधे लाकडाची फळी ठेवून. पुठ्ठा कापून आकार घ्यायचा, मग पत्र्यावर आखायचा. शेपूट अर्धा इंच वर बसलं तरी प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे नसतील तर दर फेऱ्यात दोनदा शाफ्ट अडखळतो. माउंटिंगनं घालवलेली थरथर मागच्या सीटखालून परत येते. म्हणून बोल्टची भोकं गोल न ठेवता लांबट करतात आणि चकत्या घालून उंची जुळवतात. नवं रबर पहिल्या काही दिवसांत थोडं बसतं, तेव्हा चकत्या हाताशी ठेवायच्या. आठवड्यानं गाडी पुन्हा खड्ड्यावर येते, मिस्त्री पाना लावतो, एक चकती वाढवतो आणि मालकाला म्हणतो, ‘‘जरा गिअर टाकून क्लच सोडा, किती उचलतंय बघू.’’