कोळशाला अंदाज ऐकू येत नाही

माजरीच्या परिसरात खाण उघडण्याआधी जमिनीत बोअर मारतात. वर आलेला खडकाचा नमुना पाहून ठरतं, की कोळशाचा थर किती खोल, किती जाड आणि काढणं परवडेल की नाही. परवडत नसेल तर ती जागा सोडून देतात. त्यात कोळशावर काही अन्याय होत नाही.

तसाच बोअर आता माणसाच्या मेंदूत मारायचं चाललं आहे. नैराश्याच्या रुग्णाला डॉक्टर एक गोळी देतात, चार-सहा आठवडे थांबायला सांगतात आणि गुण आला नाही तर दुसरी देतात. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात २००६ साली दिसलं, की पहिल्या औषधानं पूर्ण बरे होणारे साधारण एकतृतीयांशच. खाणीत ठेकेदाराकडे रोजीवर असलेल्या माणसासाठी ते सहा आठवडे म्हणजे बुडालेली रोजी आणि ‘याला काही झालं नाही, नाटकं करतो’ हे घरच्यांचं बोलणं. कधी कधी तेवढ्यात जीवही जातो. म्हणून कोणता उपचार लागू पडेल हे आधी कळावं, ही इच्छा मला खरोखर माणुसकीची वाटते.

२०१३ साली हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर एक खूण दाखवली. मेंदूतल्या उजव्या ‘इन्सुला’ या भागाची हालचाल कमी असलेल्यांना बोलण्याच्या उपचारानं, म्हणजे सीबीटीनं, गुण आला. जास्त असलेल्यांना एस्सिटॅलोप्रॅम या गोळीनं. २०२४ साली लीन विल्यम्स यांच्या गटानं मेंदूच्या प्रतिमांवरून नैराश्य आणि चिंतेचे सहा प्रकार वेगळे केले. रोजच्या दवाखान्यात हे अजून रुळलेलं नाही. पण रुळेल तेव्हाचा प्रश्न आजच विचारायला हवा: ‘गुण येण्याची शक्यता कमी’ असं उत्तर आलं तर आपण काय करणार?

शक्यता ही गटाची असते. समजा, तुमच्यासारख्या शंभरांपैकी वीस बरे होतील असं स्कॅन सांगतो. त्या वीसांत तुम्ही आहात का, हे तो सांगत नाही. आणि दुसरं, कोळशाला अंदाज ऐकू येत नाही, माणसाला येतो. ‘आता काहीच बदलणार नाही’ असं वाटणं हेच नैराश्याचं एक लक्षण. तेच यंत्रानं सांगितलं तर रुग्ण गोळी सोडेल, घरचे नागपूरच्या फेऱ्या थांबवतील आणि अंदाज खरा ठरेल. तो खरा ठरला की आपणच ठरवला?

मग रुग्णापासून लपवावं का? तेही नाही. आजार आणि उपचार यांची माहिती मिळणं हा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नं दिलेला हक्क आहे. फरक आहे तो वाक्यात. ‘ही गोळी नको, तो उपचार घेऊ’ हे सांगणं वेगळं आणि ‘तुझ्यावर खर्च नको’ हे वेगळं. मेबर्ग यांचा अभ्यास पहिल्या प्रकारचा होता. पण २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एवढ्या टंचाईत ‘कोणता उपचार’ या प्रश्नाचा ‘कोणाला उपचार’ व्हायला वेळ लागत नाही.

शिवाय तो स्कॅन उद्या मालकानं किंवा विमा कंपनीनं मागितला तर? मेंदूच्या चाचणीचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००८ साली पुण्यातल्या न्यायालयानं एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणी पुरावा म्हणून धरली होती. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात बजावलं, की अशी चाचणी कुणावरही जबरदस्तीनं करता येणार नाही. आरोपीला जो हक्क आहे, तो आजारी माणसाला का नसावा?

स्कॅन जरूर यावा. पण त्याआधी गोळी आणि समुपदेशन हे दोन्ही माजरीतून एका बसच्या अंतरावर मिळायला हवेत. निवडायला दोन गोष्टी हाताशी असतील, तरच कोणती निवडावी हे सांगणाऱ्या यंत्राचा उपयोग. तोवर निदान टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये जतन करून ठेवा. तिथं बोलायला कुठलाही स्कॅन लागत नाही.